बंद पडलेल्या ग्राहक भांडाराचा इतिहास कसा शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वस्तीत एक ग्राहक सहकारी भांडार होते. आजोबा त्याचे सुरुवातीचे सभासद. भांडार बंद होऊन वीसेक वर्षे झाली. तुमच्याकडे रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, आजोबांचे भागपत्र आणि "संचालकांनी खाल्लं" हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य, एवढेच आहे. यातून इतिहास कसा उभा करायचा आणि त्या वाक्यात किती तथ्य आहे, असे तुम्ही विचारता.

मी तीस वर्षांहून जास्त काळ सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण केले. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, दूध संस्था सगळ्या पाहिल्या, पण मन गुंतले ते ग्राहक भांडारांत. स्मरणिकेबद्दल आधी सांगतो. तिच्यात अध्यक्षांचे फोटो, मंत्र्यांचे शुभसंदेश आणि सभासदसंख्येचा चढता आलेख असतो. लोकांनी तिथून काय घेतले आणि काय घेतले नाही, हे तिच्यात नसते. भांडाराचा खरा इतिहास त्या एका प्रश्नात आहे, आणि त्याचे उत्तर मिळते साठा-वहीत, व्यापारी पत्रकात (म्हणजे वर्षाच्या खरेदी-विक्रीच्या हिशोबात) आणि लेखापरीक्षण अहवालात.

सर्वात आधी ती संस्था नेमकी कोणत्या जातीची होती ते ठरवा. लोक सगळ्यालाच "भांडार" म्हणतात. कधी ती स्वतंत्र प्राथमिक ग्राहक संस्था असते, कधी जिल्ह्याच्या मध्यवर्ती घाऊक भांडाराची नुसती शाखा, कधी एखाद्या गिरणीतल्या किंवा कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांची संस्था. खेड्यात तर बऱ्याचदा शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या विकास सोसायटीनेच चालवलेले रेशनचे दुकान असते. शाखा असेल तर तिचे दप्तर मुख्य संस्थेच्या दप्तरात मिसळलेले असणार आणि तिचा नफातोटा वेगळा काढता येईलच असे नाही. तुमच्याकडे भागपत्र आहे, म्हणजे त्यावर संस्थेचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि बहुधा नोंदणीची तारीख असेल. तिथून सुरुवात करा.

नोंदणीच्या तारखेवरून कायदा कळतो. १९०४ च्या पहिल्या कायद्यात फक्त पतपुरवठा करणाऱ्या संस्थांना जागा होती. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये त्याच साली सुरू झालेले भांडार देशातले पहिले ग्राहक भांडार मानले जाते, पण अशा संस्थांना कायद्याने मोकळी वाट मिळाली ती १९१२ च्या कायद्यामुळे. मुंबई प्रांताचा स्वतःचा कायदा १९२५ चा. सध्याचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. संस्था मराठवाड्यातली असेल आणि जुनी असेल तर हैदराबाद संस्थानाच्या कायद्याखालची नोंद निघेल. विदर्भातली असेल तर मध्य प्रांत व वऱ्हाडाची. हे माहीत नसले की माणूस चुकीच्या कपाटापुढे उभा राहतो आणि "नोंद नाही" हे उत्तर घेऊन परततो.

आता काळाबद्दल. आपल्याकडची ग्राहक भांडारे टंचाईत जन्मली आणि टंचाई सरली की थकली. हे मी अनेक संस्थांच्या ताळेबंदांत पाहिले, आणि सबंध देशाचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धात भाव चढले तशी भांडारे निघाली, युद्धानंतर भाव उतरले तशी त्यांतली बरीच मिटली. दुसऱ्या महायुद्धात तेच मोठ्या प्रमाणावर झाले. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले, धान्य-साखर-रॉकेल-कापड नियंत्रणाखाली आले, आणि नियंत्रित माल वाटायला सरकारला भरवशाची दुकाने हवी झाली. सहकारी संस्थांना ती कामे मिळाली. एका रात्रीत गिऱ्हाईक हमखास, भाव ठरलेला, नफा ठरलेला. मग १९४७ च्या डिसेंबरात गांधीजींच्या आग्रहाने अन्नधान्यावरची नियंत्रणे सैल झाली, भाव भडकले, १९४८ मध्ये नियंत्रणे परत आली. त्याच १९४८ सालात मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत जी ग्राहक संस्था निघाली, तिचे पुढे 'अपना बाजार' झाले. १९५४ पर्यंत रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना धान्यावरची नियंत्रणे उठली आणि अनेक भांडारांचे व्यापारी पत्रक एकदम आक्रसले.

तुमच्या संस्थेची नोंदणी १९६३ ते १९६८ च्या दरम्यानची असेल, तर ती दुसऱ्या लाटेतली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भाव आवरण्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना आणली. वरती घाऊक मध्यवर्ती भांडारे, खाली प्राथमिक भांडारे, आणि सरकारकडून भागभांडवल, व्यवस्थापनासाठी अनुदान, बँकेच्या कर्जाला हमी. १९६५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ग्राहक महासंघ उभा राहिला. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दिल्लीत सुपर बाजार उघडला. या लाटेतल्या संस्थेच्या ताळेबंदात 'सरकारी भागभांडवल' ही ओळ कोणत्या साली आली ते नक्की पाहा. त्या सालापासून संचालक मंडळात सरकारी प्रतिनिधी येतो, इतिवृत्ताची भाषा बदलते, आणि "वस्तीतल्या लोकांची संस्था" हळूहळू "योजनेतली संस्था" होते. सरकारी पैसा वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय कित्येक भांडारांना गोदामसुद्धा मिळाले नसते. पण ज्या संस्थेचे निम्म्याहून जास्त भांडवल सभासदांचे नव्हते, तिथे वार्षिक सभेला गणपूर्ती (कोरम) होत नसे, हे मी वारंवार पाहिले. गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सभा, सर्व विषय एकमताने मंजूर. ही तीन वाक्ये तुम्हाला लागोपाठ दहा वर्षे दिसली, तर संस्था कधी आजारी पडली ते कळेल.

तिसरा काळ तुमच्या आजीला आठवत असेल. १९७२ चा दुष्काळ, त्यानंतरची महागाई, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी काढलेले लाटणे मोर्चे. साखर, रवा, वनस्पती तूप, पामतेल, नियंत्रित दराचे कापड यांच्यासाठी भांडारापुढे पहाटेपासून रांगा. दिवाळीच्या आधीच्या महिन्यातली विक्री बाकीच्या चार महिन्यांएवढी. बहुतेक भांडारांच्या स्मरणिका याच काळाला सुवर्णकाळ म्हणतात.

इथे माझी सगळ्यात महत्त्वाची सूचना येते. व्यापारी पत्रकातली एकूण विक्री घेऊन थांबू नका. साठा-वहीतून ती दोन भागांत फोडा: नियंत्रित माल किती आणि खुल्या बाजारातला माल किती. शक्य असेल तिथे आणखी एक फोड करा, सभासदांची खरेदी किती आणि बिगरसभासदांची किती. मी एका भांडाराचा असा वीस वर्षांचा तक्ता केला होता. विक्री दर वर्षी वाढत होती आणि सगळे खूश होते. फोड केल्यावर दिसले की तूरडाळ, गहू, साबण, चहा यांची विक्री जवळजवळ जागेवरच होती. वाढत होती ती फक्त साखर आणि पामतेलाची. सभासद नियंत्रित माल भांडारातून घेत आणि महिन्याचा किराणा वाण्याकडून भरत. पुढे साखर-तेल खुल्या बाजारात सहज मिळू लागले, तेव्हा त्या संस्थेकडे स्वतःचे म्हणावे असे गिऱ्हाईक उरलेच नव्हते.

वाण्याकडून का? कारण उधारी. ग्राहक सहकाराचा जुना नियम रोख विक्रीचा. इंग्लंडमध्ये १८४४ साली रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी दुकान काढले तेव्हापासूनचा: शुद्ध माल, पुरे वजन, रोख पैसे, आणि वर्षाअखेर नफा भागांवर न वाटता ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. नियम उत्तम आहे. पण ज्याचा पगार महिन्यातून एकदा होतो आणि विसाव्या तारखेला संपतो, त्याला उरलेले दहा दिवस वाणीच सांभाळतो. काही भांडारांनी यावर उपाय म्हणून मालकांशी बोलून पगारातून कपातीची सोय केली. ती भांडारे जास्त काळ टिकली. तुमच्या संस्थेने असे काही केले होते का, हे इतिवृत्तात शोधा. खरेदीवरची सवलत, म्हणजे रिबेट, कोणत्या साली शेवटचे वाटले तेही शोधा. माझ्या अनुभवात रिबेट बंद झाले की सभासदाला सभासद असण्याचे काही कारण उरत नाही. लाभांशावर कायद्यानेच १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि भाग दहा-वीस रुपयांचा. त्या लाभांशासाठी कोण दोन गल्ल्या चालत येणार?

"संचालकांनी खाल्लं" याकडे येतो. असे घडलेले मी पाहिले आहे, म्हणून ते नाकारत नाही. पण जेवढ्या ठिकाणी हे वाक्य ऐकले, त्याच्या मानाने सिद्ध झालेल्या अफरातफरी फार थोड्या ठिकाणी दिसल्या. त्याआधी किराण्याचा हिशोब समजून घ्या. शंभर रुपयांच्या विक्रीवर सात रुपये सुटले असे धरू. भाडे, पगार, वीज, हमाली, वाहतूक यांत साडेसहा गेले. उरला अर्धा रुपया. आता शंभर किलोच्या पोत्यामागे एक किलो घट आली, तर एक टक्का गेला: तो अर्धा रुपया आणि वर खिशातला अर्धा. एवढ्या बारीक दोरीवर हा धंदा चालतो. उंदीर, फाटके पोते, मापाऱ्याचा सैल हात, पावसाळ्यात पाझरलेला गूळ, वाळून हलकी झालेली डाळ, यांतच वर्षाचा नफा जातो, चोर लागत नाही. म्हणूनच जुने व्यवस्थापक रिकाम्या पोत्यांच्या विक्रीवर जिवापाड लक्ष ठेवत. बारदानाचे उत्पन्न हे कित्येक भांडारांच्या नफातोटा पत्रकात नफ्याएवढे, कधी नफ्याहून मोठे दिसते. ते आकडे पाहिले की मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो. दोरे उसवून, झटकून, घड्या घालून ठेवलेल्या पोत्यांवर त्यांनी संस्था तगवली.

चोरी आणि घट यांत फरक कसा करायचा? घट मालाच्या स्वभावाप्रमाणे येते आणि सगळ्या मालात थोडी थोडी विखुरलेली असते. तूट फक्त साखर आणि तेल अशा काळ्या बाजारात किंमत असलेल्या मालातच एकवटली असेल, तर संशयाला जागा आहे. पावसाळ्यात साखर ओल धरते आणि वजनाला भरते. त्या महिन्यांत साखरेचीच मोठी तूट दाखवली असेल तर मी नेहमी वही जवळ ओढली. एका ठिकाणी असा धागा धरून गेलो आणि शेवटी दोषी निघाला तो संचालक नव्हता, गोदामाचा माणूस होता. लोकांनी मात्र अध्यक्षांचे नाव घेतले, आणि ते गृहस्थ वारले तरी ते नाव पुसले गेले नाही. तुम्ही लिहाल ते छापील राहील, म्हणून सांगतो: १९६० च्या अधिनियमातल्या कलम ८३ ची चौकशी झाली होती का, कलम ८८ खाली कोणावर नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली होती का, हे कागद पाहिल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे काही लिहू नका. कागद असेल तर मात्र न डगमगता लिहा.

कागद कुठे मिळतील? संस्था जिवंत असती तर सभासद म्हणून कलम ३२ खाली उपविधी, ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क होता. ती बंद आहे, म्हणजे बहुधा कलम १०२ खाली अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली गेली, आणि दप्तर ते काम करणाऱ्या अवसायकाच्या ताब्यात गेले, किंवा कलम २१ खाली नोंदणी रद्द झाली. दोन्हींची फाईल तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या किंवा उपनिबंधकाच्या कार्यालयात असते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की सहकारी संस्था केवळ सहकारी आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण होत नाही, पण निबंधकाला कायद्याने जी माहिती मिळवता येते ती त्याच्याकडून मागता येते. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांच्या आत लिहा, आणि "सर्व कागदपत्रे" असे न मागता नावे घालून मागा: नोंदणी आदेश, मंजूर उपविधी आणि त्यांतल्या दुरुस्त्या, वर्षवार लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, अवसायनाचा अंतरिम व अंतिम आदेश. प्रतींआधी फाईल पाहायला मागा. पाहताना जे सापडते ते अर्जात सुचलेले नसते.

लेखापरीक्षण अहवालात सगळे अ, ब, क, ड या वर्गावर बोट ठेवतात. मी म्हणेन, वर्ग सोडा, शेरे वाचा. "मागील अहवालातील दोषांची पूर्तता केलेली नाही" हा शेरा किती वर्षे लागोपाठ येतो ते मोजा. आणि एक ओळ आवर्जून शोधा: भाड्याचे उत्पन्न. शहरातल्या कित्येक भांडारांनी जागा कमी पडते म्हणून सत्तरच्या दशकात इमारती बांधल्या आणि नव्वदनंतर त्याच इमारतींचे गाळे भाड्याने दिले. ज्या वर्षी भाड्याचे उत्पन्न व्यापारातल्या नफ्यापेक्षा जास्त झाले, ते वर्ष तुमच्या इतिहासातले एक प्रकरण आहे. त्या वर्षानंतर संचालक मंडळाच्या सभेत डाळीच्या खरेदीवर चर्चा होत नाही, गाळ्यांच्या करारांवर होते.

आकडे उतरवताना काही खाचखळगे आहेत. १ एप्रिल १९५७ आधीचे हिशोब रुपये-आणे-पै मध्ये आहेत, सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. वजने मण-शेरांत. बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा आणि मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. कोणता मण ते वहीतच कुठेतरी असते, अंदाजाने गुणाकार केलात तर विक्री तिप्पट दिसेल. फार जुनी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मोडी लिपीत असू शकते. आणि सहकारी वर्ष ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुलै ते जून असे होते, मग एप्रिल ते मार्च झाले. बदलाच्या वर्षी नऊच महिन्यांचा हिशोब येतो. एका अभ्यासकाने त्या वर्षाची विक्री "अचानक पाव हिश्शाने घसरली" असे लिहून तिच्यासाठी कारणेही शोधून काढली होती, म्हणून सांगतो.

शेवटच्या काळाचे चित्र तुम्हाला कदाचित माहीत असेल. १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, १९९७ मध्ये रेशन लक्ष्य निर्धारित झाले, म्हणजे मुख्यतः गरीब कुटुंबांकडे वळले, दारिद्र्यरेषेवरच्या कार्डांचा माल आटला, मुंबईत गिरण्या १९८२ च्या संपानंतर पूर्ववत झाल्याच नव्हत्या, आणि मग मॉल आले. ही कारणे खरी आहेत, पण ती सगळ्यांनाच लागू होती आणि सगळी भांडारे बंद पडली नाहीत. कोल्हापूरकडे तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात सत्तरच्या दशकात उभा राहिलेला वारणा बझार पाहा: ऊस आणि दुधाच्या संस्थांचे तेच सभासद, म्हणजे गिऱ्हाईक संस्थेच्या बाहेर नव्हतेच. किंवा १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत. तिने दुकानच काढले नाही. शेजारच्या कुटुंबांचे गट, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल येईल त्या दिवशी सभासदांनीच वाटून घ्यायचा. मागणीएवढाच माल आणल्यामुळे शिल्लक साठा नाही, गल्ल्यावरचा पगार नाही. तुमचे भांडार यांच्याशी ताडून पाहिले, तर प्रश्न नेमका होईल: १९९१ मध्ये त्याच्याकडे रोजच्या डाळ-तांदळासाठी येणारी किती घरे होती?

त्यासाठी माणसांशी बोला, आणि माजी अध्यक्षांपासून सुरुवात करू नका. मापारी, गल्ल्यावर बसणाऱ्या बाई, हमाल, रांगेत उभ्या राहणाऱ्या गृहिणी यांच्याकडे आधी जा. "भांडार कसं होतं?" असे विचारलेत तर "फार छान होतं" हे उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: तिथून काय घ्यायचात? काय घ्यायचा नाहीत? का? डाळीत खडे होते का? सुट्टे पैसे नसले तर काय देत? उधार हवे असले की कुठे जायचात? मी एका आजींना हे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साखर भांडारातून, पण पोहे नाही, पोह्यांना रॉकेलचा वास यायचा." एकाच खोलीत रॉकेलचे पिंप आणि पोह्यांची पोती! एकाही अहवालात मला हे सापडले नव्हते. त्यानंतर मी तपासणीला गेलो की आधी गोदामात पिंप कुठे आहे ते पाहू लागलो.

निबंधकाच्या कार्यालयात सभासद नोंदवही, म्हणजे 'आय' नमुना, मिळाली तर पहिल्या पानांचे फोटो घ्या. नाव, पत्ता, व्यवसाय, भाग किती, तारीख. आजोबांच्या आगेमागे कोण होते ते पाहा: एकाच चाळीतली नावे असतील, एकाच खात्यातले कामगार असतील, कदाचित एकाच दिवशी एकाच हस्ताक्षरात लिहिलेली पन्नास-साठ नावे असतील. त्या घरांपैकी जी अजून वस्तीत आहेत त्यांच्याकडे जा आणि कपाटातल्या, ट्रंकेतल्या जुन्या कागदांत भागपत्र, खरेदीकार्ड किंवा रिबेटची पावती आहे का ते विचारा. पण आधी कार्यालयात जा. बंद झालेल्या संस्थांचे दप्तर कायम जपून ठेवत नाहीत, आणि वीस वर्षे म्हणजे पुष्कळ झाली.